न पाहिलेल्या लागणींचा हिशेब

भारतात २०१७ साली एचआयव्हीच्या ८७,५८० नव्या लागणी झाल्या, असा अंदाज त्या वर्षीच्या सरकारी अंदाजांच्या फेरीत जाहीर झाला. २०१९ च्या फेरीत २०१९ चा आकडा होता ६९,२२०. २०२१ चा ६२,९७०. आणि २०२३ चा ६८,४५०. हे चार आकडे एका ओळीत मांडले की कुणालाही वाटेल, साथ आधी झपाट्याने ओसरली, मग जरा रेंगाळली आणि आता पुन्हा डोकं वर काढते आहे. असा आलेख कुठल्याही वर्तमानपत्रात दोन मिनिटांत तयार होईल, आणि तो चुकीचा असेल. कारण हे एकाच वक्रावरचे चार बिंदू नाहीत. चार वेगवेगळ्या वक्रांची ती शेवटची टोकं आहेत. दर फेरीला नॅको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) आणि राष्ट्रीय वैद्यकीय सांख्यिकी संस्था मिळून साथीच्या सुरुवातीपासूनचा सगळा वक्र नव्याने काढतात, आणि त्यात मागच्या फेरीतली जुनी वर्षंही बदलतात.

याचा एक चमत्कारिक परिणाम पाहा. २०२१ च्या फेरीने सांगितलं की २०१० पासून नव्या लागणी ४६ टक्क्यांनी घटल्या. दोन वर्षांनी, २०२३ च्या फेरीत, हीच घट ४४ टक्के झाली. मधल्या दोन वर्षांत नेमकं काय बिघडलं, हा प्रश्न इथे पुरेसा नाही. २०१० सालाचं काय झालं, हेही विचारावं लागतं. वक्र पुन्हा काढला की २०१० चा आकडाही हलतो, आणि टक्केवारी तर त्याच्याच पायावर उभी असते.

पुढची पानं या वक्राविषयी आहेत: तो कसा काढतात, कशावरून काढतात, आणि त्यावर किती भार टाकावा. एड्सवर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. प्रबोधनपर पुस्तिका आहेत, रुग्णांच्या कहाण्या आहेत, नाटकं आहेत. पण ज्या आकड्यांवर कोट्यवधी रुपयांचे निर्णय होतात ते आकडे येतात कुठून, याकडे सहसा कुणी वळत नाही. संख्याशास्त्राला आपण जरा घाबरतोच. माझं मत असं, की या विषयात गणितापेक्षा साक्षीपुरावा तपासण्याचा भाग मोठा आहे, आणि तो कुठल्याही जागरूक वाचकाला जमण्यासारखा आहे.

मूळ अडचण साधी आहे. एचआयव्हीची लागण होते ती कुणाला दिसत नाही. ज्याला होते त्यालाही कळत नाही. काहींना दोन-चार आठवड्यांनी ताप येतो, अंगावर पुरळ येतं, आणि ते फ्लू समजून विसरलं जातं. पुढे उपचाराविना आठ-दहा वर्षंसुद्धा माणूस धडधाकट हिंडतो. ज्या दिवशी त्याची आयसीटीसीत (समुपदेशन-तपासणी केंद्रात) तपासणी होते तो दिवस नोंदवला जातो. लागण झाली तो दिवस कुठेच नोंदवला जात नाही. त्यामुळे एखाद्या वर्षी नव्याने सापडलेले बाधित आणि त्या वर्षी नव्याने बाधित झालेले लोक, हे दोन निरनिराळे घोळके आहेत. तपासणी केंद्रं वाढवली की पहिला घोळका वाढतो आणि किट संपले की तो आटतो. दुसऱ्याचा त्याच्याशी थेट संबंध नसतो.

पावसाळ्यात आपण धरणांची आकडेवारी वाचतो: पाणीसाठा, आवक, विसर्ग. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची एकूण संख्या म्हणजे साठा, नव्या लागणी ही आवक, आणि मृत्यू हा विसर्ग. धरणावरची आवकदेखील पुष्कळदा पातळी आणि विसर्ग यांच्या हिशेबातूनच काढतात. पण तिथे पातळी मोजायला पट्टी असते आणि दरवाजे किती उघडले ते ठाऊक असतं. इथे साठाही अंदाजाने आणि विसर्गही अंदाजाने. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी, म्हणजे विषाणूरोधक औषधोपचार, सुरू केली आणि विसर्ग कमी होत गेला. माणसं जगू लागली. म्हणजे साठा स्थिर दिसला किंवा थोडा वाढला, तरी आवक घटलेली असू शकते. २०१९ च्या फेरीत साठा होता २३.४९ लाख, २०२३ च्या फेरीत २५.४४ लाख. ‘रुग्ण वाढले’ अशा मथळ्याखाली औषधांचं यशही छापलं जातं.

या हिशेबाला भारतात जो इतिहास आहे तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण आजच्या पद्धतींमागे तेव्हा बसलेला धक्का आहे.

१९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला या तरुण विद्यार्थिनीने शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ते वेल्लोरला तपासले गेले आणि देशातल्या पहिल्या लागणी उघड झाल्या. १९९२ मध्ये नॅको स्थापन झाली. १९९८ पासून देशभर सेंटिनल सर्व्हेलन्सच्या वार्षिक फेऱ्या सुरू झाल्या. पद्धत अशी: ठरावीक दवाखाने निवडायचे, ठरावीक महिन्यांत तिथे येणाऱ्या गरोदर स्त्रियांपैकी ओळीने चारशे जणींचे नमुने घ्यायचे. गुप्तरोगाच्या तपासणीसाठी रक्त घेतलेलं असतंच. त्यातलं उरलेलं, नाव-पत्ता काढून टाकलेलं रक्त एचआयव्हीसाठी तपासायचं. निकाल कुणाचा हे कुणालाच कळत नाही, त्या बाईलाही नाही. या नैतिक पेचावर बरीच चर्चा झाली आहे. नाव जोडलं तर बायका नकार देतील आणि आकडा वाकडा होईल, ही एक बाजू. जिच्या रक्तातून देशाचा आकडा निघाला तिला स्वतःचा निकाल कधीच मिळाला नाही, ही दुसरी. पहिली बाजू शास्त्र म्हणून मला पटते, दुसरी अजून टोचते.

गरोदर स्त्रियाच का, तर त्या सामान्य लोकसंख्येच्या जवळ जातात, लैंगिक संबंध असलेल्या वयातल्या असतात, आणि रक्त तपासायला आपणहून येतात. या नमुन्यांवरून २००५-०६ च्या सुमारास भारतात ५२ लाख बाधित असल्याचा अंदाज निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएड्सने २००६ मध्ये ५७ लाखांचा आकडा दिला आणि भारत दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून जगात पहिला ठरला. त्याआधी २००२ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर परिषदेने २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी बाधित असतील असं भाकीत केलं होतं. त्या काळातली भाषणं आणि अग्रलेख आज वाचले तर देश उंबरठ्यावर उभा आहे असंच वाटेल.

मग आंध्र प्रदेशातल्या गुंटूर जिल्ह्यातून एक अभ्यास आला. ललित दांडोना आणि सहकाऱ्यांनी दवाखान्यात न बसता घरोघर जाऊन रक्त तपासलं. जिल्ह्यात बाधितांची संख्या निघाली सुमारे ४५,९००. सरकारी पद्धतीने त्याच जिल्ह्याचा अंदाज होता १,१२,६००. अडीच पट! कारणं शोधल्यावर दिसलं, की सरकारी रुग्णालयांत जाणाऱ्या स्त्रिया जिल्ह्याच्या प्रातिनिधिक नव्हत्याच. तिथे गरीब वर्गाचं प्रमाण जास्त. शिवाय खासगी दवाखान्यात एखादी गरोदर बाई बाधित निघाली किंवा तसा संशय आला, की तिला सरकारी रुग्णालयात धाडलं जायचं. म्हणजे मोजणीच्या जागी बाधित स्त्रिया आपोआप गोळा होत होत्या. खासगी डॉक्टरांच्या भीतीने राष्ट्रीय आकडा फुगवला, असं म्हटलं तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच सुमारास राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत, २००५-०६ मध्ये, एक लाखाहून जास्त लोकांचं रक्त त्यांच्या घरी जाऊन घेतलं आणि तपासलं गेलं. १५ ते ४९ वयात बाधितांचं प्रमाण निघालं ०.२८ टक्के. अर्थात घरोघरच्या सर्वेक्षणात कुंटणखान्यातल्या बायका, फुटपाथवर झोपणारे, सतत रस्त्यावर असणारे ट्रकवाले, तुरुंगातले कैदी सापडत नाहीत. त्यांची भर घालून प्रौढांतलं प्रमाण ०.३६ टक्के धरलं गेलं, आणि जुलै २००७ मध्ये सरकारने नवा आकडा जाहीर केला: सुमारे २५ लाख. एका पत्रकार परिषदेत देशातले निम्म्याहून जास्त बाधित नाहीसे झाले.

कुणी म्हणालं सरकार लपवतंय, कुणी म्हणालं संस्थांनी निधीसाठी आकडे फुगवले होते. दोन्ही आरोप मला उथळ वाटतात. या सगळ्या गदारोळात खरी महत्त्वाची गोष्ट मागे राहिली. पातळी दुपटीहून जास्त चुकली होती, तरी कल चुकलेला असेलच असं नव्हतं. एखाद्या दवाखान्याचा पक्षपात दरवर्षी साधारण तेवढाच राहिला, तर त्याचा आकडा नेहमी जास्त येईल, पण वर चाललाय की खाली हे तो बरोबर सांगेल. २००७ नंतर मागची वर्षंही नव्या पातळीवर पुन्हा मोजली गेली ती याच आधारावर.

पण ‘पक्षपात दरवर्षी तेवढाच राहिला तर’ ही अट वाटते तितकी सोपी नाही. १९९८ मध्ये सर्व्हेलन्सची १८० केंद्रं होती, २००६ पर्यंत ती अकराशेच्या वर गेली. नवी केंद्रं बहुतांशी लागण कमी असलेल्या जिल्ह्यांत, ग्रामीण भागांत उघडली. सगळ्यांची सरसकट सरासरी काढली तर ती खाली येणारच, एकही लागण टळलेली नसताना. म्हणून कल पाहायचा असेल तर वर्षानुवर्षं टिकून राहिलेली केंद्रंच घ्यावी लागतात. हे कळायला गणित लागत नाही; केंद्रांची यादी जपून ठेवणारा कारकून लागतो.

कल वाचण्याची एक हुशार युक्ती २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. चंदीगडचे राजेश कुमार, टोरांटोचे प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी १५ ते २४ वयाच्या गरोदर स्त्रियाच वेगळ्या काढल्या. विशीतली मुलगी बाधित असेल तर तिला लागण गेल्या थोड्याच वर्षांतली असणार, आणि इतक्या लवकर मृत्यूही फारसे होत नाहीत. म्हणजे तरुणींमधला साठा हा आवकेचा बराचसा खरा साक्षीदार. तमिळनाडू, महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या चार राज्यांत मिळून त्यांच्यातलं प्रमाण २००० मधल्या १.७ टक्क्यांवरून २००४ मध्ये १.१ वर आलं होतं. वर्तमानपत्रं पहिल्या क्रमांकाची भीती छापत होती त्याच वर्षी, त्याच दवाखान्यांच्या नमुन्यांतून, साथ ओसरत असल्याचा हा पुरावा पुढे आला. पातळी आणि कल यांची इतकी स्पष्ट फारकत क्वचितच पाहायला मिळते.

आवक थेट मोजता येत नाही का? येते, आणि त्याचं एक फार महत्त्वाचं काम पुण्यात झालं. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, आपली भोसरीची ‘नारी’, हिच्या संशोधकांनी १९९३ पासून पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या, पण एचआयव्ही नसलेल्या लोकांना पुन:पुन्हा बोलावून तपासलं. संजय मेहेंदळे आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिलेला दर अंगावर काटा आणणारा होता: वर्षाला शंभरात दहा नव्या लागणी, आणि शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये शंभरात सव्वीस. १९९७ मध्ये रमण गंगाखेडकर (कोविडच्या काळात दूरदर्शनवर दिसलेले तेच) यांच्या शोधनिबंधाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. या दवाखान्यांत येणाऱ्या ज्या स्त्रिया शरीरविक्रय करत नव्हत्या, त्यांतल्या १३.६ टक्के बाधित होत्या; त्यांतल्या बहुसंख्य नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नसलेल्या विवाहिता. त्या बायकांच्या आयुष्यात ‘जोखमीचं वर्तन’ एकच होतं, लग्न. पुढच्या दशकात याच दवाखान्यांतला नव्या लागणींचा दर घटत गेल्याचंही ‘नारी’नेच दाखवलं.

ही मोजणी सोन्यासारखी, पण ती पुण्यातल्या बुधवार पेठेच्या वेश्यावस्तीच्या आसपासच्या दवाखान्यांची. तिथला दर देशाला लावता येत नाही. शिवाय जो माणूस दर तीन महिन्यांनी येऊन समुपदेशन घेतो, निरोध घेऊन जातो, तो न येणाऱ्यापेक्षा वेगळा असतो.

दुसरी वाट रक्तातूनच जाते. लागण नवी असते तेव्हा प्रतिपिंडं कमी आणि कमकुवत असतात, महिने जातात तशी ती पक्की होतात. १९९८ पासून हा फरक ओळखणाऱ्या चाचण्या निघाल्या. एकदाच रक्त घेऊन ही लागण गेल्या काही महिन्यांतली आहे की जुनी, हे सांगता येईल अशी आशा निर्माण झाली. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने ही पद्धत वापरून २००८ मध्ये जाहीर केलं, की तिथे वर्षाला ४० हजार नव्हे तर सुमारे ५६,३०० नव्या लागणी होत आहेत. आपला आकडा एका रात्रीत निम्मा झाला त्याला जेमतेम वर्ष होत होतं. त्यांचा दीडपटीच्या जवळ गेला. दोन्हीकडे साथ होती तशीच होती. पण त्या चाचण्यांपैकी ‘बेड’ नावाची चाचणी जुन्या लागणींनाही नवी म्हणायची, विशेषतः एआरटीवर असलेल्यांना आणि अगदी शेवटच्या टप्प्यातल्यांना. यूएनएड्सच्या तज्ज्ञगटाला ती थेट अंदाजासाठी वापरू नका असं २००५ मध्येच सांगावं लागलं होतं. आता सुधारलेल्या चाचण्या आहेत, त्यांना विषाणूभाराची जोड देतात, आणि आफ्रिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणांत त्यांनी चांगलं काम केलं आहे.

भारतात का नाही, हे अंकगणितच सांगतं. २०१९ च्या फेरीनुसार आपल्याकडे दर हजार निरोगी लोकांमागे वर्षाला ०.०५ नव्या लागणी होतात, म्हणजे लाखामागे पाच. चाचणी साधारण सव्वाचार महिन्यांपर्यंतची लागण ‘नवी’ म्हणून ओळखते असं धरू. तर एक लाख लोकांचं रक्त तपासल्यावर सापडतील दोन माणसं. लाखात दोन सापडणाऱ्या गोष्टीत चाचणीने जुन्या लागणींपैकी शंभरात एकीला जरी चुकून ‘नवी’ म्हटलं तरी खेळ संपला.

म्हणून राहतो तो वक्र. यूएनएड्सच्या पाठिंब्याने विकसित झालेलं ‘स्पेक्ट्रम’ हे सॉफ्टवेअर आज बहुतेक देश वापरतात. त्यात प्रत्येक राज्याचे सर्व्हेलन्सचे आकडे, घरोघरच्या सर्वेक्षणाची पातळी, जोखीमगटांची संख्या, एआरटीवर असलेल्यांची संख्या, जनगणनेतली लोकसंख्या, जन्म-मृत्यूचे दर असं सगळं घातलं जातं. मग संगणक साथीचे हजारो संभाव्य वक्र काढतो आणि प्रत्यक्ष नमुन्यांशी जे जुळत नाहीत ते टाकतो. उरलेल्यांच्या मधोमध जो येतो तो आपला आकडा, आणि त्यांचा पसारा ही त्याची मर्यादा. २०१७ च्या ८७,५८० ला अशा मर्यादा होत्या: ३६,४५० पासून १,७२,९०० पर्यंत. ८७,५८० हा आकडा बातमीत आला, बाकीचे दोन अहवालात राहिले. माझ्या मते छापायचे असतील तर तिन्ही छापावेत, नाहीतर एकही नको. त्याच फेरीने असंही म्हटलं होतं, की १९९५ च्या सुमाराच्या शिखरापासून नव्या लागणी ८५ टक्क्यांनी घटल्या. हे विधान त्या वर्षीच्या आकड्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. मर्यादा कितीही रुंद असल्या तरी इतक्या मोठ्या घसरणीवर शंका घ्यायला फारशी जागा नाही.

ती घसरण कुणामुळे झाली, हे मात्र वक्र सांगत नाही. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांनी निरोधाशिवाय गिऱ्हाईक नाही हे एकजुटीने ठरवलं आणि टिकवलं, ते या आलेखात कुठल्या वळणावर आहे? की सर्वाधिक जोखमीचे लोक आधीच बाधित होऊन गेल्यामुळे साथ आपसूक मंदावली? दोन्ही कारणांनी सारखाच उतार दिसतो. याचा निवाडा गावोगावच्या नोंदी, निरोधाचा खप आणि गुप्तरोगांचं प्रमाण यांतून करावा लागतो.

आणखी एक गोष्ट राष्ट्रीय आकडा झाकून टाकतो. बाधितांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला, मागोमाग आंध्र आणि कर्नाटक. या मोठ्या राज्यांतली घसरण एवढी मोठी, की तिच्यापुढे ईशान्येतली वाढ बेरजेत दिसतच नाही. मिझोरममध्ये २०२३ च्या फेरीनुसार प्रौढांतलं प्रमाण २.७३ टक्के आहे, देशाच्या ०.२० च्या तेरा-चौदा पट. राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अकरा लाखांच्या आतच होती. तिथे सुईने नशा करणाऱ्यांमधून पसरणारी साथ वेगळी आहे, वेगळ्या वयाची आहे. त्रिपुराचंही तसंच. देशाचा कल उतरता आहे हे विधान ऐझॉलच्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला निरुपयोगी आहे.

शेवटी वक्राच्या शेपटीबद्दल, कारण या पुस्तकातली सर्वांत अवघड प्रकरणं तिच्यावर आहेत. मधली वर्षं आपल्याला चांगली ठाऊक असतात: तेव्हा बाधित झालेले लोक एव्हाना तपासणीत, एआरटी केंद्रावर किंवा मृत्यूच्या नोंदीत आलेले असतात. गेल्या वर्षी बाधित झालेला माणूस अजून कुठेच आलेला नसतो. त्यामुळे वक्राचं अगदी ताजं टोक हे पुराव्यापेक्षा मागच्या चालीवर जास्त टेकलेलं असतं, आणि पुढच्या फेरीत सर्वांत जास्त हलतं ते तेच. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याचं उद्दिष्ट होतं, २०१० च्या तुलनेत नव्या लागणी २०२५-२६ पर्यंत ८० टक्क्यांनी कमी करण्याचं. त्यापुढे एड्सची साथ संपवण्याची २०३० ची जागतिक मुदत आहे. दोन्ही उद्दिष्टं नेमकी त्या शेपटीवर मोजली जाणार. २०३० संपल्यावर वर्षभरात एक आकडा जाहीर होईल, त्यावर अभिनंदन किंवा टीका होईल. त्या वर्षी खरोखर किती लागणी झाल्या याबद्दल भरवशाने बोलता येईल ते त्यानंतरच्या दोन-तीन फेऱ्यांत, आणि तोवर २०१० चा आकडाही पुन्हा बदललेला असेल.